विनोदिनीबाईंचं भोपाल

विनोदिनी सबनीसांचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा आणि उज्जैनच्या देवास गेट बसस्टँडवर तो लाऊडस्पीकरमधून ऐकू यायचा. "पूछताछ"च्या खिडकीमागे बसून अकरा वर्षं त्यांनी गाड्या पुकारल्या. फलाटावर कुणी केळ्याचं साल टाकलेलं दिसलं की इंदूरची गाडी राहिली बाजूला, आधी त्या माणसाला माइकवरून झापायच्या. नवरा श्रीपाद बँकेत, माणूस मऊ. तो म्हणायचा, "अगं, घरी तरी हळू बोल. इथं कुणाची बस सुटून नाही राहिली."

ब्याण्णवच्या जानेवारीत एका सकाळी बाईंनी चूळ भरली, तर पाणी डाव्या कोपऱ्यातून सरळ पदरावर. आरशात बघतात तो काय, तोंड उजवीकडे ओढलेलं आणि डावा डोळा मिटेना! डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याच्या नसेला सूज आहे, गोळ्या घ्या, बहुतेकांचं बरं होतं. "बहुतेकांचं म्हणजे?" असं बाई तडकून विचारायला गेल्या आणि त्यातला "ब" फुस्सकन निसटला. वरचा ओठ खालच्याला टेकल्याशिवाय प, ब, भ, म होत नाहीत, हे त्यांना बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

आता उज्जैनहून बस जाते कुठं? इंदूर, देवास, आगर, तराना, नागदा. हे ठीक. पण भोपाल? बडनगर? महिदपूर? मक्सी? अर्धी गावं बाईंच्या तोंडून गेली की हो!

स्टँडचे मॅनेजर व्यासजी घरी भेटायला आले, संत्री घेऊन. दोन महिन्यांवर सिंहस्थ आलेला, लाखो लोक स्टँडवर उतरणार. "मैडम, आप आराम करो," ते म्हणाले. "नया जमाना है. इंदौर में एक लड़की की आवाज़ में कैसेट भरवा लेते हैं. आपको रिकॉर्डरूम में टेबल दे देंगे."

बाईंनी संत्र्याची पिशवी त्यांच्याच मांडीवर परत ठेवली. गळक्या तोंडानं, शब्द निवडून निवडून, पण त्यांनी ऐकवलंच: मार्च संपताना माझी परीक्षा घ्या. जमलं नाही तर लावा तुमची कॅसेट.

व्यासजी गेल्यावर श्रीपाद हळूच म्हणाला, "रेकॉर्डरूममध्ये काय वाईट आहे?"

"तिथं फायली आहेत हो," बाई म्हणाल्या. "फायलींना कुठं जायचंय?"

मग सुरू झाली मेहनत. शेजारच्या वासंतीताईंनी सांगितलं, फुगे फुगवा. बाईंना कुणी दहा सांगितले की त्या वीस करणार. रोज सकाळी वीस फुगे, वर शंख. पंधरा दिवसांत उजवा गाल पहिलवानासारखा टणक झाला, आणि डावा? डावा जिथं होता तिथंच. उलट तोंड आणखी वाकडं दिसायला लागलं. त्या दिवशी बाई आरशासमोर रडल्या, आणि रडतानाही तोंड वाकडं होतंय हे पाहून आरशालाच शिव्या दिल्या.

डॉक्टरांनीच अखेर अपूर्वाचा पत्ता दिला. पंचविशीची पोरगी, बोलण्याच्या आणि तोंडाच्या स्नायूंच्या उपचारांचं मुंबईला शिकून आलेली, एका धर्मादाय दवाखान्याच्या मागच्या खोलीत मंगळवार-शुक्रवार बसायची. खोलीत सगळे छोटे स्टूल, कारण येणारी बहुतेक मुलंच. बाई त्यातल्याच एकावर गुडघे दुमडून बसल्या. शेजारी टाळूचं ऑपरेशन झालेली सात वर्षांची सायली होती. तिनं बाईंचं बोलणं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "तुमची हवा तोंडातून पळते? माझी नाकातून."

"पळू दे," बाई म्हणाल्या. "दोघी मिळून पकडू."

अपूर्वानं फुग्यांचं ऐकून कपाळावर हात मारला. "बंद करा ते आधी! जोर लावला की उजवी बाजू डावीचंही काम ओढून घेते. मग डावी कशाला हलेल?"

"म्हणजे मी मेहनत कमी करू?"

"निम्म्याहून कमी."

"मला हळू करता येत नाही."

"मग तेच शिकायचंय, काकू."

एवढीशी पोर, आणि हे आपल्याला सांगणार! बाई उठून चालल्याच होत्या. पण दारात त्यांना इंदूरच्या त्या मुलीची कॅसेट आठवली असावी. परत येऊन बसल्या.

आणि काय ते व्यायाम! आरशासमोर बसायचं, उजवा गाल बोटानं धरून ठेवायचा, आणि ओठ फक्त टेकवायचे. आवळायचे नाहीत. ओठांत कागदाची पट्टी धरायची, दहा आकडे होईपर्यंत. मग पट्टी ओठांपुढे धरून "प" म्हणायचं. पट्टी थरथरली तर खरं. आयुष्यभर ज्या बाईनं सगळं काही दणक्यात केलं, तिला दिवसातून पाच वेळा हे असं मुंगीच्या पावलांनी करायचं होतं. चीड यायची. आली तरी केलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पट्टी पहिल्यांदा हलली, तेव्हा सायलीनं टाळ्या वाजवल्या आणि बाईंनी तिचा पापा घेतला, वाकड्या तोंडानं.

मार्च संपत आला. परीक्षेच्या दिवशी व्यासजी पूछताछच्या खोलीत खुर्ची टाकून बसले. बुकिंगवरचा श्रीनाथ, ज्यानं अकरा वर्षं बाईंबरोबर अर्धी अर्धी चाय घेतली, त्यानं गावांची यादी लिहून आणली होती. बाईंनी माइक बंद ठेवून वाचली: इंदौर, देवास, आगर, तराना, नागदा, खाचरौद. एकही अक्षर अडखळलं नाही.

"वाह!" व्यासजी खूश झाले. "कल से बैठ जाओ."

श्रीनाथ बाईंच्या कानाशी वाकला. "बाकी के गाँव मैं काउंटर से बोल दूँगा, दीदी. किसी को पता नहीं चलेगा."

बाईंनी यादी पुन्हा पाहिली. एक प नाही, एक भ नाही. बिचाऱ्यानं जीव लावून केलं होतं ते, आणि दुसरं कुणी असतं तर आभार मानून घरी गेलं असतं. पण बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन महिने आरशासमोर कशासाठी बसलो? अर्धी गावं चोरून खायला?

त्यांनी माइकचं बटण दाबलं. उजव्या गालावर बोट ठेवलं. बाहेर भोपालची गाडी लागली होती आणि माणसं बोचकी घेऊन इकडेतिकडे बघत होती.

"व्होआल," स्पीकर बोलला.

रसवाल्याच्या गाड्याजवळ कुणीतरी खो खो हसलं. व्यासजी बटणाकडे हात न्यायला लागले. बाईंनी तो हात बाजूला केला.

"भ्होफाल."

आता आणखी दोघं हसले. बाईंना ओरडावंसं वाटलं, आणि नेमकं तेच करायचं नव्हतं. त्यांनी ओठ नुसते टेकवले. हळू.

"भोपाल. भोपाल जाने वाली बस चार नंबर पर खड़ी है." शेवटी थोडी हवा निसटली, "प" ओला आला. पण आला. त्याच दमात त्यांनी बडनगर घेतलं, महिदपूर घेतलं, आणि पुन्हा एकदा भोपाल घेतलं.

व्यासजी रुमालानं मान पुसत होते. "मैडम, भोपाल अभी साफ नहीं है."

बाईंनी गालावरचं बोट काढलं नाही. "बस गई?"

व्यासजींनी खिडकीबाहेर पाहिलं. "गई."

"खाली गई?"

"नहीं," व्यासजी म्हणाले. "भरके गई."

"तो मक्सी की गाड़ी लगवाओ," बाई म्हणाल्या.