इन्सिस्टचा आठवडा

इंग्रजीच्या क्लासला जायला लागल्यापासून माझं इंग्रजी किती सुधारलं, हे नवऱ्याला विचारू नका. किस्से मात्र इतके साठलेत की फोडणी देताना मी एकटीच हसते. सासूबाई आधी कढईकडे बघतात, मग माझ्याकडे.

विश्रांतवाडीत एका मेडिकलच्या वरच्या खोलीत जोशीबाईंचा क्लास. आम्ही तिघीच: मी, यवतमाळची वैशाली आणि चाळिशीतल्या शाहीनभाभी. बाईंची पद्धत अशी, की आठवड्याला एकच क्रियापद. पाठ करायचं नाही. बाहेर जाऊन ते करायचं आणि येऊन सांगायचं.

त्या आठवड्यात होतं ‘इन्सिस्ट’. त्याच शुक्रवारी भाभींचा येरवड्यात एका डेंटिस्टकडे रिसेप्शनिस्टचा इंटरव्ह्यू होता. मुलं मोठी झालेली, घर आवरून दुपार सरत नव्हती. ही नोकरी त्यांना हवीच होती.

*

“इन्सिस्ट म्हणजे आग्रह करणं,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वैशाली तिच्याकडच्या, कोथिंबिरीचं सारण भरून तळलेल्या पुडाच्या वड्या घेऊन आली. बाई ‘नको’ म्हणाल्या, एक वडी ताटलीत पडली. ‘पुरे’ म्हणाल्या, दुसरी पडली.

“वैशाली, पुण्यात नको म्हटलं की डबा बंद करतात.”

“म्हणूनच हे इथं शिकवावं लागते, बाई,” म्हणत तिनं तिसरी वाढली.

*

माझी पंचाईत वेगळीच. सासूबाईंना म्हटलं, “आज भाजी मीच चिरणार.” त्या म्हणाल्या, “चिर की.” नवऱ्याला म्हटलं, “रविवारी माहेरी जायचंच.” तो गाडीची किल्ली शोधायला लागला.

“बाई, समोरच्यानं नाही म्हटल्याशिवाय इन्सिस्ट करताच येत नाही. आणि मला घरात कोणी नाही म्हणतच नाही.”

“लग्नाला किती दिवस झाले?”

“दोन महिने.”

“थांबा थोडं. येईल संधी.”

*

भाभींच्या इंटरव्ह्यूची रंगीत तालीम घेतली. वैशाली डॉक्टर झाली आणि भुवया चढवून म्हणाली, “अनुभव नाही? मग जमणार नाही.”

“ओके सर, थँक यू,” म्हणून भाभी पर्स घेऊन थेट जिन्यापर्यंत गेल्या. त्यांना हाका मारून परत आणावं लागलं.

“अहो शाहीनताई,” बाई म्हणाल्या, “तो नाही म्हणाला की आपलं काम सुरू होतं. तुम्ही तिथेच संपवताय.”

*

शुक्रवारी संध्याकाळी भाभी उशिरा आल्या.

“डॉक्टर ‘अनुभव नाही, जमणार नाही’ म्हणाले. मी उठले. दाराशी एक आजोबा घरी परत निघालेले, दात काढायची भीती. त्यांना बाकावर बसवून मी शेजारी बसले. ते नाही म्हणायचे, मी बसा म्हणायचे. शेवटी गेले आत. डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले.”

“मग?”

भाभींनी घड्याळ बघितलं. “बाई, आज लवकर जाऊ? सकाळी क्लिनिक मला उघडायचंय.”

“अजिबात नाही,” बाई म्हणाल्या. “उशिरा येऊन लवकर जायचं नसतं.”

भाभींनी पर्स उचलली.

“आय इन्सिस्ट,” म्हणाल्या, आणि गेल्या.