ळसाठी मोठा एल

देवबागला एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, त्यामुळे लोखंडाचं आयुष्य इथे बेताचंच. वडिलांच्या जुन्या कॉम्प्युटरचा डबा मागून गंजून त्याची जाळी झाली होती, तरी तो चालायचा. त्यावर विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. शाळेत मराठी शिकवता शिकवता कॉम्प्युटरचा तासही त्यांच्या गळ्यात पडला, तेव्हापासूनचं.

गळ्याच्या ऑपरेशननंतर आवाज जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. वडिलांनी रडारड केली नाही. पडवीत बसून लागतील ते शब्द स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवले. चाय, पेज, पाणी, पंखो, काल, उद्या. एका शब्दाची एक फाइल. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि आखूड, म्हणजे पटकन टाइप होईल. त्यापायी काना-मात्रा त्यांनी सोडून दिल्या, पण ल आणि ळ एक करणं त्यांच्या जिवावर आलं. त्याच ळसाठी त्यांनी जन्मभर पोरांचे कान पिळले होते. मग लला लहान एल, ळला मोठा एल.

ऑपरेशननंतर ते शब्द टाइप करायचे, स्पीकरमधून त्यांचा आवाज यायचा आणि आई स्वयंपाकघरातून उत्तर द्यायची. घर चालू राहिलं. मी पाटीही आणून दिली होती. तिच्यावर त्यांनी एकदाच लिहिलं, 'मी मुको नाय', आणि ती कोनाड्यात ठेवून दिली.

पुढच्या सुट्टीत मी त्यांच्यासाठी लॅपटॉप आणला. त्यावर विंडोज होतं. दोन्ही मशीन वायरने जोडली आणि काळ्या खिडकीत एका ओळीची कमांड दिली : तिथलं सगळं इथे आण. एकेक नाव सरकत गेलं, प्रत्येकापुढे शंभर टक्के. जुना डबा मी मागीलदारी नेऊन ठेवला आणि निवांत मासे खायला मोकळा झालो.

एके दिवशी सकाळी पडवीतून आवाज आला, "काल."

"काल काय? काल बांगडे केललंय," आई आतून म्हणाली.

"काल."

"काल देवळात गेलंय मी. सांगलंय मा तुमका."

"काल."

मग तिने देवळात कोण भेटलं, कुणाच्या सुनेला काय झालं, सगळं सविस्तर सांगितलं. वडील ऐकत बसले. संध्याकाळी पुन्हा 'काल', दुसऱ्या दिवशीही तेच. म्हाताऱ्याला कालचा दिवस भलताच आवडलेला दिसतो, असं म्हणून आम्ही दोघं हसलो.

तेव्हा वडिलांनी लॅपटॉप बाजूला सारला, कोनाड्यातली पाटी काढली आणि लिहून माझ्यापुढे धरली. 'कळ'. ळच्या खाली दोन रेघा, पोरांच्या वहीत मारायचे तशा. मग पाटी ठेवून त्यांनी लॅपटॉपकडे बोट केलं.

काना गेल्यावर 'काल' म्हणजे kal आणि 'कळ' म्हणजे kaL. लिनक्सला मोठा एल आणि लहान एल ही दोन वेगळी माणसं. विंडोजला ती एकच. 'कळ'ची फाइल आधी आली, मागून 'काल'ची आली आणि तिच्याच जागेवर बसली. नाव पहिलीचं, आवाज दुसरीचा. शंभर टक्के दोघींपुढे. एरवी मला याची गंमत वाटली असती. पण वडील कळ सोसत बोलत होते आणि आम्ही दात काढत होतो.

कॉपी केलेलं मूळ जागीही राहतंच, एवढाच आधार होता. मागीलदारचा डबा आधी चालू होईना. मग घरघरत एकदाचा उठला. ळ असलेल्या प्रत्येक नावात मी दोन एल घातले आणि सगळं पुन्हा आणलं. वडिलांनी चष्म्यावरून पाहिलं. ळचं हे नवं शुद्धलेखन त्यांना मुळीच पसंत नव्हतं, पण त्यांनी टाइप केलं.

बाकी फाइलींत एकेकच शब्द होता. हिच्यात तेवढ्यावर भागलं नव्हतं.

"कळ येता गो," वडिलांचा आवाज म्हणाला.

आतली भांडी थांबली. आई ओल्या हातांनीच बाहेर आली. तिने लॅपटॉपकडे पाहिलंही नाही.

"खंय?"

वडिलांनी तिचा ओला हात धरला आणि आपल्या उजव्या खांद्यावर नेऊन ठेवला.