सासऱ्यांच्या नावावरचा खटला

नागपूरच्या कोर्टातली चांगली चालती वकिली सोडून मी नवऱ्याबरोबर आयर्लंडमधल्या एनिसला आले. निघताना सासऱ्यांनी बॅग बघितली आणि म्हणाले, "तिकडं काळ्या कोटाचं काय काम? राहू दे इथंच." कोट यवतमाळला सासरीच राहिला. माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती, त्यामुळे जिथे तिथे व्यवसाय म्हणून 'गृहिणी' सांगायचे आणि दर वेळी मनात चरफडायचे.

मग डॉक्टर नवऱ्याला ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात हवी तशी कायमची नोकरी मिळाली, पण एका अटीवर. आदल्या वर्षी गाडीच्या काचेवर विम्याची चकती नव्हती म्हणून त्याच्यावर समन्स निघालं होतं. कागद दाखवल्यावर जजनं खटला काढून टाकला आणि या पठ्ठ्यानं समन्सही कचऱ्यात टाकलं. आता हॉस्पिटलला त्याच निकालाचा पुरावा हवा होता. त्याशिवाय नेमणूक नाही.

"एखादा सॉलिसिटर बघतो," तो म्हणाला.

"घरात वकील असताना?" माझं डोकंच फिरलं.

मी कोर्टाच्या ऑफिसला फोन केला. मागच्या बाकावर बसून खटला कुणीही ऐकावा, पण त्याचे कागद पक्षकाराला, नाहीतर त्यानं लेखी नेमलेल्या माणसाला, असं कळलं. मग काय, नागपुरी थाटात वकीलपत्र लिहिलं, हसणाऱ्या नवऱ्याची सही घेतली आणि निघाले.

खिडकीतल्या बाईंनी सुनावणीची तारीख विचारली. ती विसरणं शक्यच नव्हतं. त्या दिवशी संक्रांत होती आणि जजशी गोड बोल असं बजावून मी नवऱ्याच्या हातावर तिळगूळ ठेवला होता. बाईंनी त्या दिवसाच्या खटल्यांत आमचं आडनाव शोधलं. नव्हतं. पुन्हा शोधलं.

"सॉरी लव्ह, या आडनावाचा कुणी नाहीच."

हातात आलेली नोकरी जाणार की काय! मग जरा डोकं चाललं. आमच्याकडे मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव, मग आडनाव. लायसन्स बघताना पोलिसानं मधलंच आडनाव समजून लिहिलं असणार.

"माझ्या सासऱ्यांच्या नावानं बघा."

"ते इथे राहतात?"

"नाही, यवतमाळला."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या, पण त्यांनी शोधलं. पत्ता आमचा, जन्मतारीख नवऱ्याची, खटला रद्द!

"हाच की तुमचा माणूस. ग्रँड!" बाई म्हणाल्या आणि त्यांनी नक्कल काढून शिक्का मारला. ती घेऊन बाहेर पडले तेव्हा माझी मान चांगलीच ताठ होती. एनिसला आल्यापासून स्वतःचा इतका अभिमान मला वाटलाच नव्हता.

हॉस्पिटलनं नक्कल मान्य केली. नवऱ्यानं लगेच यवतमाळला फोन लावला.

"बाबा, आयर्लंडच्या कोर्टात तुमच्या नावावर खटला होता."

जन्मात कधी सिग्नल न मोडलेले निवृत्त हेडमास्तर हादरले. "मंग? सुटलो का मी?"

"सुटलात."

"वकील कोण होता?"

"तुमची सून."



"मंग त सुटणारच होतो," सासरे म्हणाले. "तिला विचार, तो काळा कोट पाठवून देऊ का?"