वाळलेली नाळ, ओला भाऊ

खडोलीच्या सूत कारखान्यात प्रभाकर शिफ्ट इन्चार्ज होता आणि रक्तदानाचा मोठा कैवारी. दर दोन ऑगस्टला, पोर्तुगीज गेल्याच्या मुक्तिदिनाच्या शिबिरात, हा गडी माइक कुणाच्या बापाला द्यायचा नाही. कामगार ओळीनं आडवे होऊन रक्त द्यायचे, हा उभा राहून भाषण द्यायचा. कारण साधं होतं. माइक हातात असला की दंड पुढं कर म्हणून कुणी सांगत नाही. सुईला हा वाघ इतका भ्यायचा, की कारखान्यात धनुर्वाताची इंजेक्शनं द्यायला कंपाउंडर आला तेव्हा सुताच्या गोदामात जाऊन बसला आणि नंतर म्हणाला, "स्टॉक बघत होतो."

१९९६ साली त्याच्या धाकट्या बहिणीला, किलवणीच्या बालवाडीत शिकवणाऱ्या सुनीताला, तापानं धरलं. अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त. मुंबईच्या डॉक्टरांनी रक्ताचा कॅन्सर सांगितला. औषधांनी वर्षभर दबला आणि परत उलटला. मग डॉक्टर म्हणाले, "आता सख्ख्या भावंडाच्या हाडातला मगज, म्हणजे अस्थिमज्जा, जुळला, तरच आशा. भाऊ आहे ना?"

होता की! फक्त त्या क्षणी भावाला भलतीच तहान लागली होती आणि तो पाणी शोधायला बाहेर गेला होता.

पण प्रभाकर म्हणजे साधासुधा पळपुटा नव्हे. त्याला पळायलाही विज्ञान लागायचं. त्यानं पेपरात वाचलं, की परदेशात बाळाच्या नाळेतलं रक्त साठवतात, त्यातल्या मूळ पेशींपासून नवं रक्त तयार होतं आणि कॅन्सरही हटतो. झालं! त्याची आई केसरबाई दोन्ही लेकरांच्या नाळेचे वाळके तुकडे कुंकवाच्या डबीत जपून होती. लहानपणी पोट दुखलं की उगाळून चाटवायची. कालपर्यंत हाच तिला "अडाणी चाली!" म्हणून हिणवायचा. आता त्याच तोंडानं "आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं" म्हणत त्यानं डबी रुमालात बांधली, आईला घेतलं आणि वापीहून गाडी पकडून थेट मुंबई गाठली.

डॉक्टरांनी डबी उघडली. हसले नाहीत, भला माणूस! "अहो, मूळ पेशी जिवंत लागतात. जन्मल्याबरोबर नाळेतलं रक्त काढून नायट्रोजनच्या टाकीत गोठवावं लागतं. हे वाळून गेलंय. यात आता काही नाही."

"मग तिच्याच अंगातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी वाढवा ना!" प्रभाकर कसला ऐकतोय.

"त्या पहारेकरी खऱ्या. पण कॅन्सरची पेशी परकी नसते हो, आपलीच बिघडलेली असते. तुमच्या कंपनीचाच गणवेश घालून चोर आला, तर वॉचमन अडवेल का? तुमच्या मगजातून तिच्या अंगात नवे पहारेकरी तयार होतील. त्यांना जुनी ओळख नाही, ते अडवतील. आधी फक्त दंडातलं रक्त तपासू. जुळलं, तर भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईनं मगज काढायचा."

"सुईनं?" प्रभाकरचा आवाज पार खाली गेला.

केसरबाईनं डबीचं झाकण लावलं.

"दोघांच्या एकाच डबीत ठेवल्या होत्या रे, एकमेकांना धरून राहतील म्हणून. नाळ वाळली म्हणतात डॉक्टर. तू कुठं वाळलायस?"

प्रभाकरला लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखी. त्यानं बाही वर केली, डोळे गच्च मिटले आणि आईचा हात असा आवळला की तिच्या दोन बांगड्या वाढल्या.

रक्त जुळलं. प्रत्येक भावंडाचं जुळतंच असं नाही, नशीब म्हणायचं. प्रभाकरनं मगज दिला. सुनीताचे पुढचे कित्येक महिने फार वाईट गेले, पण पोरगी उठली आणि बालवाडीत परतली.

दोन वर्षांनी मुक्तिदिनाच्या शिबिरात माइक दुसऱ्याच्या हातात होता. प्रभाकर खाटेवर आडवा, घामानं चिंब. उशाशी सुनीता उभी.

"भाऊ, मला नाही बघवत," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "आधी सुईचं काही वाटायचं नाही मला. आता तुझं रक्त अंगात खेळतंय ना, मलाच चक्कर येतेय!"

सगळं शिबिर खो खो हसलं. प्रभाकरही हसला आणि हसता हसता ढसाढसा रडला. तेवढ्यात सुई टोचून झाली होती, त्याला कळलंही नाही.