नारळावरची कुस्ती

लहान पोरांना सामने दाखवायला नेलेल्या माणसाला सामना काही दिसत नाही. कबड्डीला नेलं तर लेकीला ऐन चढाईच्या वेळी शू लागली. क्रिकेटला नेलं तर दुसऱ्याच षटकात झोप. तरी मी नेतो, कारण घरी बसवलं की ती मोबाइल मागते.

यंदा भालकीजवळच्या एका गावी जत्रेच्या कुस्त्या होत्या. लेक साडेसहा वर्षांची. झोक्यावरून पडून तिचा डावा हात कोपरात मोडला होता. प्लास्टर निघून दोन महिने झाले होते. हात बरा झालाय, वापरू द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण आम्ही नवराबायको दिवसभर 'जपून, जपून' करत राहिलो आणि पोरीनं तो हात पोटाशीच धरून ठेवला. दप्तर उजव्या हातानं, बादली उजव्या हातानं. शाळेत कुणी नुसतं अंगावर आलं तरी मागं सरायची. ते बघून माझा जीव तुटायचा, आणि तोंडातून पुन्हा 'जपून'च यायचं. निघताना बायको म्हणाली, "हाताला धक्का लागला तर बघा मग. लांबूनच दावा."

लांबून एवढ्या पोरीला काय दिसणार? पुढं जाऊन बसलो.

आमच्याकडं मोठ्या पैलवानांच्या आधी पोरांच्या कुस्त्या लावतात, नारळावर. पंच कडेनं फिरतो, बसलेल्या पोरांतून सारख्या उंचीची दोन उचलतो आणि समोरासमोर उभी करतो. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण काढत होतो. मान वर केली तर लेक आखाड्यात, फ्रॉकवर. समोर तिच्याएवढाच एक पोरगा. "अहो, तिचा हात..." म्हणत मी उठलो, तर मागून कुणी तरी म्हणालं, "अण्णा, खाली बसा की. दिसंना गेलंय."

पोरानं नेमका डावाच हात धरला. लेक घाबरली, ते तिच्या तोंडावर दिसलं. तिनंही त्याचं मनगट पकडलं आणि ओढाओढी सुरू झाली. आता माझी आई कन्नड बोलणारी, बायको उदगीरची. घरात आम्ही मराठीच बोलतो, पण घाबरलो की माझ्या तोंडात आईची भाषा येते. मी ओरडलो, "बिडु! बिडु!" कन्नडमध्ये बिडु म्हणजे सोड. त्याचा हात सोड आणि बाहेर ये, एवढंच मला म्हणायचं होतं. लेकीचं कन्नड तोडकंमोडकं. हलगीच्या आवाजात तिला ऐकू आलं, भिड. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, डोकं खाली घातलं आणि भिडली. दोन्ही हातांनी.

कुस्ती बरोबरीत सोडवली. पंचानं नारळ फोडून दोघांना अर्धा अर्धा दिला. ती पळत आली तशी मी आधी तिचं कोपर दाबून बघितलं, वाकवून बघितलं.

"दुखायलंय का?"

"न्हाई. तुमीच म्हणलाव की, भिड म्हणून."

मग मोठ्या कुस्त्या कोण बघतो? तिनं शेजारच्या आजोबांना सांगितलं, बसमध्ये दोन बायकांना सांगितलं, "आमचे अप्पा म्हणले, भिड." सगळे माझ्याकडं कौतुकानं बघायचे आणि मी खिडकीबाहेर बघायचो. खरंच लाज वाटत होती.

घरी आल्यावर बायकोनं माती बघितली, फाटलेली बाही बघितली, लेकीला जवळ ओढून हात तपासला. मग विचारलं, "कुणी सोडलं हिला कुस्तीत?"

"अप्पाच म्हणले की, भिड म्हणून," लेक म्हणाली.

बायको माझ्याकडं वळली. "व्हय?"

खरं सांगितलं असतं तर मी सुटलो असतो. लेक माझ्या तोंडाकडं बघत होती.

"व्हय," मी म्हणालो. "मीच म्हणलो."