पदराआडचा कान

आमच्या नवसावहिनी १९९१ साली कळवणजवळच्या आमच्या घरात सून म्हणून आल्या, तेव्हा त्यांच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते. लहानपणापासून कान वाहायचे, ऐकू जेमतेम यायचं. मी तेव्हा बारावीला होते. मागून हाक मारून त्या वळतात का याची गंमत बघायचे. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

वहिनी ओठ बघून बोलणं ओळखायच्या. आईपुढे, माझ्यापुढे ते निभायचं. पण नानांपुढे, म्हणजे माझ्या वडिलांपुढे, सुनेनं डोक्यावर पदर घेऊन मान खाली घालायची ही आमच्याकडची रीत. मान खाली असल्यावर ओठ दिसणार कसे? नाना दोनदा ओरडायचे आणि तिसऱ्यांदा वैतागून म्हणायचे, "येडी हाय ही. सांगा रे हिला कोणीतरी." पुढे तर त्यांनी थेट बोलणंच सोडलं. माझा भाऊ धनराज ओझरला कारखान्यात लागला, त्यांचं बिऱ्हाड नाशिकला गेलं, तरी सणावाराला गावी आले की नानांचे निरोप माझ्यामार्फतच जायचे.

कानांची दोन ऑपरेशनं झाली. कानात घालायचं मशीन आणलं, तर आठ दिवसांत कान परत वाहायला लागले. शेवटी २००५ साली डॉक्टरांनी वेगळाच उपाय सुचवला. कानामागच्या हाडात टायटॅनियमचा बारीक स्क्रू बसवायचा, हाडानं तो घट्ट धरला की त्यावर छोटं मशीन अडकवायचं. आवाज हाडातून आत जातो, कानात काही घालावंच लागत नाही. धनराजच्या तोंडचं पाणी पळालं. वहिनी म्हणाल्या, "भिंतीत खुंटी ठोकतात तसंच ना? ठोका."

तीन महिन्यांनी मशीन लागलं. त्याच दिवशी त्यांची लेक सायली पाठीमागे काहीतरी पुटपुटली आणि वहिनी गर्रकन वळल्या, "कोणाला कटकट म्हणतेस गं?" सायलीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग कापसाचे बोळे गेले. कानाला वास येईल म्हणून वहिनी चारचौघींत लांब बसायच्या, तेही गेलं. देवळालीला माझ्या सासरी बसनं एकट्या यायला लागल्या. रोज सकाळी मऊ ब्रशनं स्क्रूभोवतीची कातडी साफ करायच्या, एक दिवस चुकला नाही. मला तर दोन वेळा दात घासायचाही कंटाळा.

तपासणीला डॉक्टर मोठा फॉर्म भरून घ्यायचे. फोनवर कळतं का, गर्दीत कळतं का, असे प्रश्न. वहिनींनी सांगितलं, "नाशिकला सगळं कळतं. गावाला मशीन बंद पडतं." डॉक्टरांनी मशीन उलटसुलट करून पाहिलं, त्यात काही दोष नव्हता. धनराजनं सेल बदलले. पुढच्या दिवाळीला मी गावी होते, तेव्हा उलगडा झाला. फाटकापाशी गाडी थांबली, वहिनींनी डोक्यावर पदर ओढला, आणि तो नेमका मशीनवर बसला. त्यांना नुसती कापडाची खरखर ऐकू यायची.

मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "मग काय सासऱ्यापुढं उघड्या डोक्यानं हिंडायचं? लोक काय म्हणतील?" इतकं सोसून मिळवलेला कान स्वतःच्याच घरात झाकून ठेवायचा, याचा मला संताप आला.

पाडव्याच्या दिवशी नाना ओट्यावर दोन भाऊबंदांबरोबर बसले होते. नेहमीसारखं मला म्हणाले, "पल्ले, तिला सांग, पाणी आण." वहिनी दारातच होत्या. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, हात वर नेला आणि पदर खांद्यावर घेतला.

"नाना, मलाच सांगा. मला ऐकू येतं आता."

नाना उठले, चपला घातल्या आणि मळ्यात निघून गेले. जेवायलाही आले नाहीत. वहिनींनी भांडी घासली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी चुलीपाशी असताना नाना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. वहिनींनी सवयीनं पदर घेतला. नाना काहीतरी बोलले, वहिनींनी मान हलवली, कळलं नाही म्हणून. नानांनी हातानं खूण केली. पदर खाली घे.

वहिनींनी घेतला.

"तुला ऐकू येत नाय म्हणून चौदा-पंधरा वर्षं तुझ्या तोंडावर वाट्टेल ते बोललो," नाना हळू आवाजात म्हणाले. "चुकलं माझं."

वहिनी म्हणाल्या, "नाय ऐकू आलं, नाना. परत सांगा."

नानांनी परत सांगितलं, या खेपेला मोठ्यानं. आईनं ऐकलं, अंगणातल्या धनराजनं ऐकलं. वहिनींना पहिल्या खेपेलाच नीट ऐकू आलं होतं, हे मला पक्कं ठाऊक आहे.