रविवारचं कॉलेज

मशेरी भाजल्याचा वास आला की मला कॉलेजातला शेवटचा बाक आठवतो. पोरं शाळेत जायला लागल्यावर मी मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं होतं आणि वर्ग फक्त रविवारी भरायचे. सासूबाईंना तेच खटकायचं. "रविवारी समदी कॉलेजं बंद असत्यात, तुजंच कसं उघडं गं?" असं म्हणत एका रविवारी त्या माझ्यामागोमाग कडेगावच्या स्टँडवर एसटीत चढल्या. कॉलेज खोटं निघालं तर शिक्षण बंद, असं त्यांनी घरात बजावलंच होतं. वर्गात मशेरीची डबी मुठीत धरून त्या शेवटच्या बाकावर बसल्या. पंखा कुरकुरत होता, खिडकीतून उसाच्या ट्रॉल्यांची धूळ आत येत होती, आणि त्यांची नजर माझ्यावरून सरांवर, सरांवरून माझ्यावर फिरत होती. सरांनी नेहमीसारखं निम्म्यातच पुस्तक मिटलं आणि "बाकीचं घरी वाचा" म्हणाले. आम्ही उठलो, सासूबाई बसूनच. "आवं मास्तर, तास कुठं भरलाय अजून? हिनं घरी वाचायचं, तर भाकरी तुमी थापणार व्हय?" वर्ग हसला. सरांनी निमूट पुस्तक उघडलं. परतताना त्या एवढंच म्हणाल्या, "कॉलेज खरं हाय. पण मास्तरावर ध्यान ठिवाय पायजे. पुढच्या रविवारी बी येते मी." आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. आजही कुणी "बाहेरून केलीय का डिग्री?" असं नाक मुरडून विचारलं की मी सांगते, एकेक तास पुरा भरलाय, माझी सासू राखणीला बसली होती.